डबीतले काटे

माझ्या शिलाई मशीनच्या खणात पत्र्याची एक गोल डबी आहे. पूर्वी तिच्यात टिचबटणं आणि हुक असायचे. आता काटे आहेत. सराटे, वेड्या बाभळीचे काटे, दोन बोरीचे, स्टेपलरची एक पिन, तारेचे तुकडे आणि साबुदाण्याएवढी एक काच. चार वर्षांत सायकलींच्या टायरमधून माझ्या हाताने काढलेलं हे सगळं. काल मोजलं तर एकसष्ट नग भरले.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, पिको-फॉल. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, सेलूपासून सात किलोमीटर. रस्त्याचा बराच भाग कालव्याच्या कडेने जातो आणि दोन्ही अंगांना वेडी बाभूळ माजलेली. लेक आठवीत गेली तेव्हा तिला योजनेतून सायकल मिळाली. तिने ती अंगणात उभी करून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या आणखी पाच पोरींबरोबर सेलूला जायला लागली. पंधरा दिवसांत पहिलं पंक्चर. मग एका आठवड्यात तीन. तिसऱ्या वेळी ती तीन किलोमीटर उन्हातून सायकल ढकलत आली. तोंड लालबुंद झालेलं. दाराशी सायकल टेकवली आणि म्हणाली, "आई, मी नाही जायची उद्यापासून सायकलवर." एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. सायकल सुटली की शाळा सुटायला किती दिवस लागतात ते मी आमच्या गल्लीत पाहिलेलं आहे.

सेलूत एका लिंबाखाली एक चाचा पंक्चर काढायला बसायचे. त्यांच्या घरचे कपडे माझ्याकडे शिवायला यायचे, म्हणून ओळख. मी नुसती ट्यूब पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली, एकमेकांना खेटून लागलेली तिन्ही ठिगळं अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "ट्यूब लाए, टायर किधर है? काँटा तो उसमेंच बैठा है, बेटी."

तीनदा आम्ही ट्यूबला ठिगळ लावून आणलं आणि काटा होता तिथंच होता. टायरमध्ये बाभळीच्या काट्याचं टोक मोडून राहिलेलं. बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. माणूस सीटवर बसला, टायर दबला, की ते तांदळाच्या कणीएवढं टोक आत डोकावतं आणि ट्यूबला टोचतं.

त्या दिवशी चाचांनी मला दोन गोष्टी दाखवल्या. त्या मी रोज वापरते, म्हणून आधी त्याच सांगते.

पहिली. टायर चढवताना टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वालच्या, म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या, बरोबर समोर आणायचं. मग ट्यूब काढल्यावर छिद्र वालपासून किती वीत लांब आहे ते मोजलं की टायरवर काटा नेमका कुठे आहे ते कळतं. मी छिद्राभोवती शिंप्याच्या खडूने गोल करते आणि ट्यूब टायरच्या शेजारी तशीच मांडून टायरवरही खूण करते. ट्यूब उलटी मांडली जाण्याची शक्यता असते, म्हणून खूण वालच्या दोन्ही बाजूंना, तेवढ्याच अंतरावर.

दुसरी. काटा बोटाने शोधायचा नाही, कापसाने शोधायचा. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून हलक्या हाताने फिरवायचा. कुठे टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. आमच्याकडे कापसाला काय तोटा? तंतू अडकला की तिथे टायर बाहेरून वाकवायचा, टोक वर येतं, मग चिमट्याने धरून सरळ ओढायचं. माझा चिमटा म्हणजे ओव्हरलॉक मशीनमध्ये दोरा ओवायचा तोच.

सराटा नीट पाहिलाय का कधी? बांधावर, रस्त्याच्या कडेला ती वेल जमिनीला चिकटून पसरते. पिवळं फूल चांगलं दिसतं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे, शिंगांसारखे. मी एक तुकडा कापडावर दहादा टाकून पाहिला. कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. पावसाळा सरला की हे तुकडे रस्त्यावर येतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्या डबीत तेच भरतात. सराट्याचं एक बरं आहे, तो टायरला चिकटून राहतो, डोळ्यांना दिसतो. म्हणून पोरींना सांगून ठेवलंय की घरी आल्यावर चाक एकदा फिरवून बघा, सराटा दिसला तर लगेच उपटा. तो बऱ्याचदा अजून ट्यूबपर्यंत पोचलेला नसतो. रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी त्यावर बसून निघालं की मग पोचतो.

ठिगळाचं काम मला आधीपासून येत होतं, असं म्हटलं तरी चालेल. कपड्याचं ठिगळ कोपऱ्यातून सुटतं हे कुठल्याही शिंप्याला माहीत असतं. ट्यूबचंही तसंच. म्हणून जुन्या ट्यूबचं ठिगळ कापताना मी ते गोल कापते, आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढं, आणि कडेला कात्री तिरकी धरते म्हणजे कड पातळ होते. ट्यूब पॉलिशपेपरने घासायची, चकाकी जाईपर्यंतच. जास्त घासली की रबर पातळ पडतं. ट्यूबच्या सांध्याची जी उभी रेघ असते ती छिद्राजवळून जात असेल तर मात्र ती पूर्ण सपाट करायची, नाहीतर तिच्या कडेने हवा वाट काढते. मग चिकटवायचं सोल्युशन, ट्यूबलाही आणि ठिगळालाही, पातळ थर. आणि इथे थांबायचं. जवळजवळ सगळे इथेच चुकतात. सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ चिकटवतात. ते वाळू द्यायचं, बोटाला लागणार नाही इतकं. चार-पाच मिनिटं तरी. उन्हाळ्यात लवकर वाळतं, पावसाळ्यात वेळ घेतं. मी तेवढ्या वेळात एका ब्लाउजची हुकपट्टी लावून घेते. मग ठिगळ एकदाच बसवायचं, उचलून परत लावायचं नाही, आणि मधून कडेकडे दाबत जायचं. मी कात्रीच्या मुठीने दाबते.

छिद्र ट्यूबच्या कुठल्या अंगाला आहे हेही बघायचं. बाहेरच्या अंगाला असेल तर काटा. आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर काटा शोधत बसू नका, ते आऱ्याचं टोक आहे. आणि दोन छिद्रं शेजारीशेजारी, साप चावल्यासारखी दिसली तर हवा कमी होती आणि चाक दगडावर किंवा खड्ड्यात आदळलं. अशा वेळी ठिगळ लावून भागत नाही, पंप विकत घ्या. आम्ही सहा घरांनी मिळून पायाने दाबायचा एक पंप घेतला, तो माझ्या ओसरीत असतो.

आऱ्याच्या टोकावर मला एक इलाज सापडला. रिमच्या आत रबराची पट्टी असते, ती आमच्या उन्हात दोन वर्षांत तडकते. तिच्या जागी मी सुती नवार बसवते. पाऊण इंची नवार रिमभोवती दोनदा घट्ट गुंडाळायची, वालसाठी काजं पाडतात तसं भोक पाडायचं, कडा शिवून घ्यायच्या म्हणजे उसवत नाहीत, आणि टोक दोऱ्याने पक्कं करायचं. लेकीच्या सायकलला ही नवार तीन वर्षांपूर्वी लावली. आतल्या अंगाचं पंक्चर त्यानंतर एकदाही झालेलं नाही.

पंक्चर नसतानाही हवा जाते तेव्हा वालट्यूब बघायची. पितळी वालवर चढवलेली ती बारीक रबरी नळी उन्हाने कडक होते, चिरते. नळीला थुंकी लावून वाल ओला करून बघितला की बुडबुडा दिसतो. नवी नळी मीटरवर मिळते, बोटाच्या एका पेराएवढी लागते. एवढ्याशा तुकड्यासाठी पोरी सायकल ढकलत घरी आल्यात. म्हणून प्रत्येकीच्या कंपासपेटीत मी एक-एक तुकडा टाकून दिलाय.

गावात म्हणतात, उन्हाने हवा फुगते आणि ट्यूब फुटते. हवा फुगते हे खरं, पण ट्यूब फुटावी इतकी नाही. भर उन्हात उभ्या सायकलचं ठिगळ सुटतं, कारण सोल्युशन मऊ पडतं, किंवा टायरच्या कडेला तडा गेलेला असतो आणि ट्यूब तिथून फुगा काढते. सायकल सावलीत ठेवा, बस. शाळेत सावली नसेल तर चाकांवर ओलं पोतं टाका.

सायकलला ही हवेची ट्यूब आली तीही एका बापाच्या खटपटीतूनच. बेलफास्टला डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकी सायकलला धक्के बसतात म्हणून त्याने चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. लेकीने हे पुस्तकात वाचून मला दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

चाकाचा आउट काढणं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं, सगळ्यांना अवघड वाटतं. मला तेच सगळ्यात आधी जमलं, कारण मशीनवर बसणाऱ्या बाईला ताण कळतो. वरचा दोरा जास्त ताणला की गाठ वर दिसते, बॉबिनचा ताणला की खाली. दोन्ही सारखे असले की टीप कापडाच्या पोटात बसते. चाकाचंही हेच. आऱ्यांची अर्धी फौज रिमला डावीकडे ओढते, अर्धी उजवीकडे. एक बाजू ढिली पडली की रिम दुसरीकडे जाते आणि ब्रेकच्या गुटक्याला घासते.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. शिंप्याचा खडू फ्रेमला टेकवून रिमच्या कडेजवळ धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथे रिम बाहेर आली तिथे खडू लागतो. उजवीकडे आली असेल तर त्या जागेवरचे डावीकडून येणारे आरे आवळायचे आणि उजवीकडचे तेवढेच सैल करायचे. पाव फेरा. फक्त पाव. मग परत फिरवून बघायचं. पहिल्यांदा मी घाईत पूर्ण फेरा दिला आणि चाक पापडासारखं झालं. संध्याकाळ गेली ते परत आणायला. चाचा म्हणायचे, "हौले हौले." आरे हाताने छेडायचे, तंबोऱ्याच्या तारांसारखे. ढिला असेल तो ठक् वाजतो, ताणलेला असेल तो टिंग्. आरे ज्यांनी आवळतात ती रिमजवळची बोंडं गंजली असतील तर जोर करू नका, बोंड गोल होऊन जातं. मशीनच्या तेलाचा थेंब प्रत्येक बोंडात सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फिरतात.

मशीनचं तेल म्हटलं की विचारतात, चेनलाही तेच का? नाही. फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रीत, ब्रेकच्या सांध्यात, वायरच्या नळीत ते चांगलं. चेनला ते पातळ पडतं, आठ दिवसांत उडून जातं. आणि गावात जे जळकं ऑइल सोडतात ते तर बिलकुल नको. मोटारसायकलमधून काढलेल्या त्या काळ्या तेलात लोखंडाची भुकटी असते. त्यात आपल्या रस्त्याची धूळ मिसळली की चेनला कानस लावल्यासारखं होतं. मी नवं इंजिन ऑइल छोट्या बाटलीत ठेवते. चेन रॉकेलच्या चिंधीने पुसायची, प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल वीस-पंचवीस वेळा उलटं फिरवायचं आणि मग वरचं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढायचं. पुसायचं म्हटलं की पोरी म्हणतात, "काकू, मग घातलं कशाला?" तेल आत पाहिजे, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. शिवणयंत्रातही तेल दिल्यावर पहिली टीप चिंधीवरच मारतात ना.

चेन किती झिजली ते फूटपट्टीने कळतं. चेनच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्यांचे बरोबर १२ इंच. ताणलेल्या चेनवर स्टीलची पट्टी लावायची. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरलं की चेन बदलायची. कापडी टेप नको, तो स्वतःच ताणला जातो.

आता जाळीबद्दल. हे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पोरीची ओढणी मागच्या चाकात गेली. कालव्याच्या उतारावर. ओढणी आऱ्यांत गुंडाळली, चाक जाम झालं आणि पोर मागे ओढली जाऊन पडली. गळ्याला ओढणीचा वळ उठला, लाल दोरी बांधल्यासारखा. आम्ही कात्रीने ओढणी कापून काढली. तिच्या आईने सायकल बंदच करायचं म्हटलं. मी तिला म्हटलं, "वैनी, आठ दिवस दे मला."

लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी असते ती छोटी आणि ठिसूळ, वर्षात तुटते. मी आमच्या शेतातल्या शेडनेटचा तुकडा घेतला. तो हलका, उन्हाला टिकणारा, आणि वारा आरपार जातो म्हणून सायकल ओढत नाही. मडगार्डवर वर्तमानपत्र धरून त्याच्या गोलाईचा कागदी नमुना काढला, बाहीचा घेर काढतात तसा. एक्सलपासून मडगार्डपर्यंत चाकाचा वरचा अर्धा भाग झाकेल इतकी जाळी. कडेला कॅनव्हासची पट्टी दुमडून दुहेरी टीप. वर मडगार्डला सळईने बारीक भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने विणून घेतली, खाली मडगार्डच्या दोन्ही सळ्यांना बांधली. जाळी ढोलकीसारखी ताणलेली हवी. सैल राहिली तर तीच चाकात जाईल. शेवटी घरातली जुनी ओढणी मुद्दाम जाळीवर सोडून चाक जोरात फिरवलं. ओढणी जाळीवरून घसरत राहिली, आत गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती पोर परत शाळेत. आता गावातल्या अकरा सायकलींना ही जाळी आहे, आणि प्रत्येक पोर आपल्या आवडीच्या रंगाची पट्टी मागते.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. आपली काळी माती ओली झाली की कणकेसारखी चाकाला चिकटते, मडगार्डखाली भरते आणि सायकल जागच्या जागी उभी राहते. मी मडगार्डच्या सळ्यांचे नट सैल करून मडगार्ड वर उचलते, टायर आणि मडगार्डमध्ये एक बोट आरामात फिरलं पाहिजे. पुढच्या मडगार्डचं खालचं टोक तर चिखल गोळाच करतं, पण ते कापलं तर सगळं पायावर उडतं. म्हणून तिथे जुन्या ट्यूबचा फडका लावते. ब्रेकचं सांगायचं तर, लोखंडी रिम ओली झाली की गुटके धरतच नाहीत. पोरींना सांगते की उतार लागायच्या आधीपासूनच ब्रेक थोडा दाबून ठेवा, रिम पुसली जाते, मग धरतो.

माझ्या वडिलांची अ‍ॅटलस भावाकडे मानवतला पडून होती. वडील जिनिंगवर तोलाईचं काम करायचे, तीस वर्षं ती सायकल चालवली. ३ जून २०२० ला अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली, नेमका जागतिक सायकल दिन होता. त्यानंतर भाऊ म्हणाला की आता हिचे पार्ट मिळणार नाहीत, भंगारात देऊ. मी टेम्पोत टाकून घरी आणली. पार्ट सगळे मिळतात. २८ × १½ चा टायर, पुढे ३२ आणि मागे ४० आरे, हीच मापं जुन्या काळ्या सायकलींना सगळ्या कंपन्यांनी ठेवलेली आहेत.

तिचं ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं उघडून साफसफाई, मी एकटीने केलं. चार दिवस लागले. पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा अंथरून त्यावर एक्सल उघडला म्हणजे छर्रे, चाक ज्यांवर फिरतं त्या पोलादी गोळ्या, घरंगळून हरवत नाहीत. पुढच्या चाकाला दीड सुती छर्रे, एकेका बाजूला दहा. मागे दोन सुती, एकेका बाजूला नऊ. मागच्या कपात मला सातच सापडले, बाकीचे कधीचे झिजून गेलेले. एकाला खड्डा पडला असेल तरी सगळे बदलायचे, जुन्यात नवे मिसळायचे नाहीत. ग्रीस कपात भरायचं आणि छर्रे त्यात एकेक बसवायचे, ते चिकटून राहतात. कोन, म्हणजे एक्सलवरचा छर्रे दाबून धरणारा निमुळता नट, आवळणं हेच खरं कसब. जास्त आवळला तर चाक जड, सैल राहिला तर चाक हलतं. चाचांची परीक्षा अशी की चाक उचलून धरायचं आणि सोडून द्यायचं. वाल स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येऊन झुलायला लागला पाहिजे. पहिल्या दिवशी माझा वाल कुठेही थांबायचा. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला तो खाली आला, थोडा वर गेला, परत खाली आला. मी दिवा बंद न करता बराच वेळ ते झुलणं बघत बसले. वडील गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्या सायकलला एकच नवी गोष्ट केली. मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील होतं, ते काढून २२ चं बसवलं. पुढे ४४ दाते आहेत. आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जायची, आता साडेचार. वेग कमी झाला पण पाय हलका झाला. आमच्या गावातून सेलू पश्चिमेला, आणि जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा तोंडावर येतो की तेरा-चौदा वर्षांच्या पोरी उतरून चालत जातात. चेन नवी घ्यावी लागली नाही. चाक फाट्यात, म्हणजे फ्रेमच्या एक्सल बसवायच्या खाचेत, अर्धा इंच पुढे सरकवलं, तेवढ्यात जमलं. जुनं फ्रीव्हील निघता निघेना, तेवढ्यापुरतं सेलूच्या दुकानात नेलं, पाना त्यांच्याकडे होता. लेकीने ती सायकल आठ दिवस चालवली आणि मग आपल्याही सायकलला असंच करून मागितलं.

चाचा आता जालन्याला मुलाकडे असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फोन केला की आधी विचारतात, "काँटा मिला क्या?"

पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडते. दीड महिना उभ्या असलेल्या सायकली या आठवड्यात माझ्या अंगणात यायला सुरुवात झाली आहे. हवा नसलेल्या चाकावर सायकल उभी ठेवल्याने दोघींचे टायर कडेला दुमडून चिरलेत, ते बदलावे लागतील. यंदा आठवीत गेलेली एक नवी पोर काल आली. तिला मी काही न सांगता कापसाचा बोळा हातात दिला. तिने अर्धा तास टायर चाचपला. तंतू अडकला तेव्हा "काकू, हितंय!" म्हणून ओरडली. बाभळीचं टोक होतं, जेमतेम दिसणारं. डबीत बासष्टावं.

उद्या सेलूला जायचंय. वालट्यूब एक मीटर, सोल्युशनच्या दोन ट्यूबा, दीड सुती छर्ऱ्यांची पुडी, पाऊण इंची नवार, लेकीच्या मागच्या ब्रेकची वायर. लग्नाच्या ब्लाउजांचं अस्तरही त्याच फेरीत आणते.